तटाच्या बाहेरून आत: सान हुआनचे जुने शहर पायी पाहताना

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोची राजधानी असलेल्या सान हुआनमध्ये क्रूझ जहाजे जुन्या शहराच्या अगदी पायथ्याशी धक्क्याला लागतात. जहाजाच्या शिडीवरून उतरलेला माणूस रस्ता ओलांडला की सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी वसवलेल्या वस्तीत शिरतो. असे असूनही धक्क्यावर बसगाड्या रांगेने उभ्या असतात आणि ‘दोन किल्ले, एक चर्च आणि खरेदी’ अशी सहल विकणारी मंडळी प्रत्येक प्रवाशाला गाठतात. त्या सहलीत काही फसवणूक असते असे नाही, पण तिची गरज नाही. जुने शहर एका छोट्या बेटाच्या पश्चिम टोकावर आहे आणि त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रमतगमत चालले तरी अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. बसमधून पाहण्याचा खरा तोटा निराळाच आहे. बस किल्ल्याच्या दारात नेऊन सोडते, म्हणजे ती आपल्याला जमिनीच्या बाजूने आणि आतून किल्ला दाखवते. हे शहर मात्र समुद्रावरून येणाऱ्यांच्या भीतीने बांधले गेले आहे, आणि ती भीती कळायची असेल तर सुरुवात तटाच्या बाहेरून, पाण्याच्या बाजूने करावी लागते.

हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. पोर्तो रिको हा अमेरिकेच्या अखत्यारीतला प्रदेश असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर येणाऱ्याला अमेरिकेचाच व्हिसा लागतो आणि खर्च डॉलरमध्ये होतो. एवढे व्यवहाराचे सांगून झाले की बाकी सगळे पायांवर अवलंबून आहे.

धक्क्यावरून पश्चिमेकडे वळले की ‘पासेओ दे ला प्रिन्सेसा’ हा झाडांच्या सावलीतला रुंद पादचारी रस्ता लागतो. तो १८५३ मध्ये फिरायला जाण्यासाठी तयार करण्यात आला. वाटेत लागणारी राखाडी-पांढऱ्या रंगाची देखणी इमारत मुळात १८३७ मध्ये बांधलेला तुरुंग आहे आणि आता तिथे सरकारी पर्यटन कंपनीचे कार्यालय आहे. या रस्त्याच्या शेवटी कारंजे आहे, तिथे बहुतेक लोक फोटो काढून परत फिरतात. परत फिरू नये. कारंज्याच्या पुढे रस्ता उजवीकडे वळतो, एका हाताला उपसागराचे पाणी येते आणि दुसऱ्या हाताला तट सुरू होतो.

हा तट जवळून पाहण्यासारखा आहे. बाहेरच्या आणि आतल्या अशा दगडी भिंतींच्या मध्ये माती, वाळू आणि दगडगोटे ठासून भरलेले आहेत आणि बाहेरची भिंत वर जाताना आतल्या बाजूला कललेली आहे, त्यामुळे तोफेचा गोळा सरळ आदळण्याऐवजी त्याचा जोर भरावात जिरून जातो. काही ठिकाणी तटाची उंची बारा मीटरांच्या पुढे जाते. वरच्या कोपऱ्यांवर घुमटीसारख्या टेहळणीच्या चौक्या पुढे डोकावताना दिसतात. त्यांना तिथे ‘गरीता’ म्हणतात आणि पोर्तो रिकोत त्यांचे चित्र जिथे तिथे, अगदी मोटारींच्या नंबरप्लेटवरसुद्धा पाहायला मिळते. तटाच्या पायथ्याशी उभे राहून मान वर केली की आपण या क्षणी शत्रूच्या जागी उभे आहोत ही गोष्ट आपोआप लक्षात येते. माहितीपत्रकातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा या जागेवरून तट अधिक समजतो.

मग सान हुआन दरवाजा येतो. शहराच्या तटाला पूर्वी जे मोठे दरवाजे होते, त्यांपैकी हा एकच आज उभा आहे. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात तटाचे काम झाले तेव्हाचा हा दरवाजा आहे. त्याची लाल रंगाची जाड लाकडी दारे आणि कमानीवरचा लॅटिन मजकूर आजही दिसतो. प्रभूच्या नावाने येणाऱ्याला धन्य म्हणणारे ते बायबलमधले वचन आहे. गव्हर्नर असो वा बिशप, स्पेनहून येणारी प्रतिष्ठित माणसे याच दरवाजासमोर होडीतून उतरत, आत शिरत आणि समोरच्या चढाच्या गल्लीने सरळ कॅथेड्रलपर्यंत जाऊन सुखरूप पोहोचल्याबद्दल देवाचे आभार मानत. ती गल्ली तशीच आहे, चढही तसाच आहे आणि दरवाजातून आत पाऊल टाकले की टोकाला कॅथेड्रल दिसते.

पण त्या गल्लीत शिरण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. दरवाजाच्या बाहेरून तटाच्या पायथ्याने एक पायवाट आणखी पुढे, एल मोरो किल्ल्याच्या खालपर्यंत जाते. ती एक-सव्वा किलोमीटर लांब आहे, तिच्यावर सावली जवळजवळ नाही आणि शेवटी तिथून किल्ल्यात वर जाता येत नाही, त्यामुळे आले त्याच वाटेने परतावे लागते. हे आधी ठाऊक नसेल तर भर उन्हात चिडचिड होते. तरीही माझे मत असे की सकाळी लवकर जाता आले तर ही वाट सोडू नये, कारण उपसागराच्या तोंडाची अरुंद वाट आणि तिच्यावर टांगलेला किल्ला हे दोन्ही एकत्र, एका नजरेत, फक्त इथूनच दिसतात. वाटेवर मांजरांची मोठी वसाहत आहे आणि ती मांजरे पर्यटकांकडे पूर्ण दुर्लक्ष करतात.

दरवाजातून आत आल्यावर उजवीकडे ‘ला फोर्तालेसा’ आहे. तिच्यापासून या शहराच्या संरक्षणाची गोष्ट सुरू होते, आणि ती सुरू होते चुकलेल्या जागेपासून. हुआन पोन्से दे लेओन याने १५०८ मध्ये उपसागराच्या पलीकडे, आतल्या बाजूला कापार्रा नावाची पहिली वसाहत स्थापन केली होती. ती जागा दलदलीची आणि गैरसोयीची असल्यामुळे १५२१ मध्ये वस्ती या बेटावर आणण्यात आली. पुढे कॅरिब लोकांच्या आणि युरोपीय चाच्यांच्या हल्ल्यांपासून बचाव म्हणून १५३३ ते १५४० या काळात ला फोर्तालेसा बांधली गेली. परंतु ती उपसागराच्या तोंडाशी न बांधता आत बांधल्यामुळे, शत्रूचे जहाज दिसेपर्यंत ते शिरलेले असायचे. ओव्हिएदो या समकालीन स्पॅनिश इतिहासकाराने तर, आंधळ्यांनी जागा निवडली असती तरी याहून निरुपयोगी जागा सापडली नसती, अशा अर्थाचा शेरा मारून ठेवला आहे. लष्करी उपयोग फारसा न राहिल्यामुळे ती इमारत गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि आजतागायत आहे. अमेरिका खंडांत सलग वापरात असलेले सत्ताधाऱ्याचे सर्वांत जुने निवासस्थान अशी तिची ओळख सांगितली जाते. १९८३ मध्ये ती आणि इथले किल्ले मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तरी तिला केवळ वारसा म्हणून पाहू नये, कारण २०१९ च्या जुलैमध्ये गव्हर्नरांच्या राजीनाम्यासाठी हजारो लोक याच इमारतीच्या तोंडाशी असलेल्या गल्ल्यांत रात्रंदिवस जमले होते आणि तो राजीनामा त्यांनी मिळवलाही.

ला फोर्तालेसाची चूक लवकरच ध्यानात आली आणि १५३९ मध्ये बेटाच्या वायव्य टोकावर, उपसागराच्या तोंडावरच्या कड्यावर एल मोरोच्या कामाला आरंभ झाला. सुरुवातीला ते एका गोल बुरुजापुरते होते. त्या पहिल्या बुरुजाचा भाग नंतरच्या अडीचशे वर्षांच्या बांधकामाने पोटात घेतलेला आहे आणि किल्ल्याच्या आत उतरल्यावर तो पाहता येतो.

तिकडे जाण्याची सगळ्यांत चांगली वाट तटावरून आहे. दरवाजाच्या आतून उत्तरेकडे चढले की एका लहानशा चौकात ‘ला रोगातिवा’ हे शिल्प लागते. एक बिशप आणि त्याच्यामागून मशाली घेऊन निघालेल्या तीन स्त्रिया असे ते ब्राँझचे शिल्प शहराच्या साडेचारशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने १९७१ मध्ये उभारले गेले. आख्यायिका अशी की १७९७ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला असताना शहरातल्या बायकांनी बिशपबरोबर रात्री मशाली आणि घंटा घेऊन प्रार्थनेची मिरवणूक काढली, आणि लांबून ते उजेड पाहून इंग्रजांना वाटले की शहराला नवी कुमक येऊन मिळाली. इंग्रज परत गेले हे खरे आहे, पण ते मशाली पाहून गेले याला पुरावा नाही. शिल्प मात्र आख्यायिकेला साजेसे जिवंत आहे आणि त्याच्या पाठीमागे उपसागर पसरलेला दिसतो.

पुढे एल मोरोचे मैदान येते. हे प्रचंड हिरवे, उघडे मैदान पाहून सुंदर बाग राखल्यासारखे वाटते. सुटीच्या दिवशी इथे शेकडो पतंग उडत असतात, माणसे चादरी पसरून बसलेली असतात. ते मोकळे ठेवण्यामागे हेतू होता: किल्ल्यावर जमिनीच्या बाजूने चाल करून येणाऱ्याला आडोशाला एक झाडसुद्धा मिळू नये. किल्ल्याच्या बाजूने पाहिले म्हणजे हे नीट कळते, कारण खंदकामागच्या भिंतीवरून नजर टाकली की संपूर्ण मैदान तोफांच्या माऱ्यात येते. अमेरिकन लष्कराच्या ताब्यात किल्ला होता त्या काळात याच मैदानावर अधिकाऱ्यांसाठी गोल्फचे मैदान केले होते.

आम्ही गेलो तेव्हा दोन्ही किल्ल्यांचे मिळून एकच तिकीट दहा डॉलरला होते आणि ते चोवीस तास चालत होते. ते जपून ठेवावे. किल्ले दुपार उतरतानाच बंद होतात, म्हणून वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवलेल्या बऱ्या.

खंदकावरचा पूल ओलांडून आत गेले की किल्ला आपल्या अपेक्षेपेक्षा ठेंगणा वाटतो. त्याचे कारण असे की तो वरच्या बाजूला उभा नसून खालच्या बाजूला उतरत गेलेला आहे. कड्याच्या अंगाने त्याचे सहा स्तर समुद्राकडे उतरतात आणि वरच्या स्तराची उंची समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरांहून अधिक भरते. प्रत्येक स्तरावर तोफा होत्या. सर्वांत खालच्या तोफा पाण्याच्या पातळीजवळून जहाजाच्या अंगावर मारा करण्यासाठी आणि वरच्या तोफा शिडे आणि डेक उद्ध्वस्त करण्यासाठी होत्या. उपसागराच्या तोंडाच्या पलीकडच्या काठावर ‘एल कान्युएलो’ नावाचा चिमुकला चौकोनी किल्ला दिसतो, त्याच्यावरून होणारा मारा आणि एल मोरोचा मारा एकमेकांना छेदत असे. चौकातून मोठा उतार खाली तोफांच्या स्तरावर जातो. त्या उतारावरून अवजड तोफा ओढून नेत, याची कल्पना तो स्वतः उतरताना आणि विशेषतः परत चढताना येते.

आता हल्ले क्रमाने घ्यावेत, म्हणजे शहराची रचना उलगडते.

१५९५ मध्ये फ्रान्सिस ड्रेक आणि जॉन हॉकिन्स हे इंग्रज आरमार घेऊन आले, कारण एक नादुरुस्त स्पॅनिश जहाज आपल्याजवळची चांदी घेऊन सान हुआनच्या आश्रयाला थांबले असल्याची खबर त्यांना लागली होती. हॉकिन्स बंदराबाहेरच आजारपणाने मेला. ड्रेकच्या जहाजावर पडलेला एक गोळा त्याच्या केबिनमध्ये घुसला आणि त्याच्याबरोबर जेवायला बसलेली माणसे ठार झाली. स्पॅनिशांनी बंदराच्या तोंडाशी जहाजे बुडवून वाट अडवली होती. ड्रेकला परत जावे लागले. समुद्राकडून आलेल्या शत्रूला एल मोरो पुरा पडतो, हे या प्रसंगाने सिद्ध झाले.

तीनच वर्षांनी, १५९८ मध्ये, अर्ल ऑफ कंबरलंड आला. त्याने ड्रेकचा धडा घेतला होता, म्हणून तो उपसागराच्या तोंडाकडे गेलाच नाही. तो पूर्वेकडे उतरला आणि जमिनीवरून चालत आला. एल मोरो समुद्राकडे तोंड करून उभा होता आणि शत्रू त्याच्या पाठीमागून आला. किल्ला पडला. सान हुआनचा एल मोरो शत्रूच्या हाती गेल्याचा हा एकमेव प्रसंग. इंग्रजांना शहर सोडायला लावले ते स्पॅनिश सैन्याने नव्हे, तर आमांशाने: सैनिक इतके पटापट मरू लागले की काही आठवड्यांत कंबरलंडने गाशा गुंडाळला.

१६२५ मध्ये डच आले. बौदेवेन हेंड्रिक्स या सेनापतीने आणखी तिसराच मार्ग धरला. तो आपली जहाजे एल मोरोच्या तोफांखालून सरळ आत घेऊन उपसागरात शिरला, शहर घेतले, ला फोर्तालेसात मुक्काम ठोकला आणि मग शहराच्या बाजूने एल मोरोला वेढा घातला. गव्हर्नर हुआन दे हारो किल्ल्यात राहिला आणि त्याने शरण जायला नकार दिला. हेंड्रिक्सने शहर जाळण्याची धमकी दिली आणि ती खरीही केली. त्या आगीत बिशप बेर्नार्दो दे बाल्बुएना या कवीचा ग्रंथसंग्रह जळाला. किल्ल्यातल्या शिबंदीने बाहेर पडून जोराचा हल्ला केला. त्या हल्ल्यात पुढे असलेल्या हुआन दे आमेस्किता या कप्तानाच्या नावाचे स्मारक आज मैदानावर आहे. अखेरीस डच परतले, पण शहर राखेत गेले होते.

आपण सकाळी ज्या तटाखालून चाललो, तो या आगीनंतरचा आहे. १६३० च्या दशकात शहराभोवती तट उभा राहू लागला आणि सान हुआन दरवाजाही त्याच कामातला. कंबरलंड ज्या बाजूने आला त्या पूर्वेच्या टेकडीवर सान क्रिस्तोबाल या दुसऱ्या किल्ल्याची सुरुवात झाली तीही याच सुमारास, १६३४ मध्ये. प्रत्येक हल्ल्याने एक भोक दाखवले आणि पुढच्या पिढीने तेवढेच भोक बुजवले. हे कळल्यावर शहराचा नकाशा हातात न घेतासुद्धा आठवणीत बसतो, आणि मला वाटते एखाद्या बसमधल्या मार्गदर्शकाने हीच माहिती ध्वनिक्षेपकावरून सांगितली असती तरी ती बसली नसती, कारण मार्ग पायांनी चालल्याशिवाय दिशा लक्षात राहत नाहीत.

एल मोरोवरून बाहेर पडताना दीपस्तंभ पाहावा. इथला पहिला दीपस्तंभ १८४६ मध्ये उभा राहिला, १८९८ च्या अमेरिकन तोफमाऱ्यात त्याचे नुकसान झाले आणि आजचा १९०८ चा आहे. त्याच्या राखाडी विटांचा रंग बाकी किल्ल्याशी जुळत नाही, तो आपला उपराच वाटतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वर जो काँक्रीटचा टेहळणी मनोरा बांधला, तो त्याहून कुरूप आहे, पण किल्ल्याच्या कामाशी प्रामाणिक आहे. सोळाव्या शतकातल्या पहारेकऱ्याला जहाजे पाहायची होती, विसाव्या शतकातल्याला पाणबुड्या.

तटाच्या बाहेर, कड्याच्या पायथ्याशी समुद्राला लागून सांता मारिया माग्दालेना दे पास्सिस हे दफनभूमीचे आवार आहे. किल्ल्याच्या मैदानावरून ते पांढऱ्या संगमरवराने भरलेले दिसते आणि मध्ये लाल घुमटाचे गोल प्रार्थनागृह आहे. पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्य चळवळीचे नेते पेद्रो आल्बिसू काम्पोस आणि अभिनेते होसे फेर्रेर यांच्या समाध्या तिथे आहेत. त्याच्या पूर्वेला, तसेच तटाबाहेर, ला पेर्ला ही रंगीबेरंगी वस्ती आहे. शहराने आपला कत्तलखाना, आपले मेलेले आणि आपले गरीब एकाच ठिकाणी, तटाच्या पलीकडे ठेवले होते. ला पेर्लात लोक राहतात, ते काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे, म्हणून मी वरूनच पाहिले आणि फोटोही काढले नाहीत.

मैदानाच्या आग्नेयेला ‘बाय्याहा’ ही भली मोठी पिवळी लष्करी बराक आणि तिच्यात आता संग्रहालय आहे. वेळ असेल तर जावे. तिच्याजवळच्या सान होसे चौकात मात्र थांबायलाच हवे. तिथल्या सान होसे चर्चचे काम १५३२ मध्ये सुरू झाले. आतल्या गॉथिक कमानी युरोपातल्या मध्ययुगाशी नाते सांगणाऱ्या आहेत आणि अमेरिका खंडांत तशा कमानी फारच थोड्या ठिकाणी आहेत. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर ते २०२१ मध्ये पुन्हा उघडले. पोन्से दे लेओनच्या अस्थी आधी इथे होत्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या खालच्या कॅथेड्रलमध्ये हलवल्या. चौकात त्याचा पुतळा दक्षिणेकडे बोट दाखवत उभा आहे. तो १७९७ च्या लढाईत इंग्रजांकडून हस्तगत केलेल्या तोफा वितळवून ओतला आहे असे सांगतात. स्पेनचे राजे फेलिपे यांची भेट ठरली होती, त्या सुमारास, जानेवारी २०२२ मध्ये, काहींनी हा पुतळा पाडला आणि प्रशासनाने तो लगोलग पुन्हा उभा केला. मूळच्या ताईनो लोकांचा त्याने केलेला संहार ज्यांना आठवतो, त्यांच्यासाठी तो चौकाची शोभा नाही. तिथल्या पाटीवर यातले काही लिहिलेले मला दिसले नाही.

तेथून खाली काये देल क्रिस्तो या गल्लीने कॅथेड्रलकडे उतरता येते. या गल्ल्यांत अंथरलेले निळसर चकचकीत दगड लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून तयार केलेले आहेत. पाऊस पडून गेला की ते शाईसारखे निळे दिसतात आणि त्याच वेळी घसरतातही, म्हणून गुळगुळीत तळाच्या चपला घालून येऊ नये. कॅथेड्रल बाहेरून शांत आणि आतून थंड आहे, पोन्से दे लेओनची संगमरवरी समाधी डाव्या बाजूला आहे, आणि पाच मिनिटे बाकावर बसले तर तेवढ्याने पाय पुन्हा चालायला तयार होतात.

आता मोठा टप्पा राहतो. काये नोर्सागाराय हा रस्ता उत्तरेच्या तटाच्या कडेने एल मोरोकडून सान क्रिस्तोबालकडे जातो. डावीकडे सतत समुद्र असतो, वारा असतो आणि ऊनही असते. सुमारे दीड किलोमीटरचे हे अंतर बस काही मिनिटांत संपवते. पायी गेले तर उत्तरेचा खुला, खडकाळ समुद्र पाहत जाता येते आणि या बाजूने कुणी हल्ला का केला नाही याचे उत्तर लाटाच देतात.

मला विचाराल तर दोन किल्ल्यांपैकी सान क्रिस्तोबाल अधिक मोलाचा आहे, आणि लोक त्याच्याकडे उरलेल्या वेळात जातात ही खेदाची गोष्ट आहे. एल मोरो कड्यावर बसलेला असल्यामुळे निम्मे काम निसर्गाने केले आहे. सान क्रिस्तोबालला निसर्गाची मदत नव्हती, त्यामुळे तिथे सगळी अक्कल माणसाला लावावी लागली. १७६२ मध्ये इंग्रजांनी हवाना घेतले, तेव्हा स्पेनचा राजा तिसरा कार्लोस हादरला आणि त्याने आलेहांद्रो ओ’रेली या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सेनाधिकाऱ्याला सान हुआनची पाहणी करायला पाठवले. त्याच्या शिफारशीने आणि तोमास ओ’डेली या आणखी एका आयरिश अभियंत्याच्या देखरेखीखाली १७६५ पासून काम सुरू झाले आणि १७८३ मध्ये पूर्ण झाले. स्पेनने अमेरिका खंडांत बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला आहे आणि मुळात त्याने सत्तावीस एकर जागा व्यापली होती. पैसा मेक्सिकोच्या चांदीतून आला. मजूर म्हणून कैदी, रोजंदारीची माणसे आणि गुलाम राबले. पाट्यांवर अभियंत्यांची नावे आहेत, राबणाऱ्यांची नाहीत.

किल्ल्याची योजना अशी की पूर्वेकडून येणाऱ्या शत्रूला एका भिंतीऐवजी भिंतींची मालिका पार करावी लागावी. बाहेरचे बुरूज, त्यांच्यामागे खंदक, मग त्रिकोणी पुढचे कोट, पुन्हा खंदक आणि शेवटी मुख्य किल्ला. प्रत्येक मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे शत्रूने पुढचा भाग जिंकला तरी तो मागच्याच्या माऱ्याखाली उघडा पडतो. आपल्याकडच्या किल्ल्यांवर पडकोटापासून बालेकिल्ल्यापर्यंत चढत जाताना जी योजना पायांना जाणवते, तीच इथे सपाटीवर, हिशेबाने आखलेली आहे. जमिनीखालून भुयारे जातात. त्यांतली काही शत्रूच्या खालपर्यंत जाऊन सुरुंग उडवण्यासाठी खणलेली आहेत. एका अंधाऱ्या कोठडीच्या भिंतीवर कुणा कैद्याने स्पॅनिश जहाजे रेखाटली आहेत, शिडांच्या दोऱ्यांसकट इतकी तपशीलवार की काढणारा दर्यावर्दी असला पाहिजे याबद्दल शंका राहत नाही.

मला सर्वाधिक आवडल्या त्या टाक्या. किल्ल्यात झरा नाही, म्हणून चौकावर आणि गच्च्यांवर पडणारे पावसाचे सगळे पाणी चौकाखालच्या पाच टाक्यांत सोडले आहे. त्यांत मिळून सुमारे सत्तावीस लाख लिटर पाणी मावते. वेढ्यात किल्ला तोफांच्या आधी पाण्यावर टिकतो हे किल्ले पाहणाऱ्याला सांगायला नको.

या सगळ्या खटाटोपाची परीक्षा १७९७ मध्ये झाली. राल्फ ॲबरक्रॉम्बी हा इंग्रज सेनापती साठाहून अधिक जहाजे आणि हजारो सैनिक घेऊन आला आणि कंबरलंडप्रमाणेच पूर्वेला उतरला. त्याला बेटाच्या पूर्व टोकाच्या पुलाजवळ आणि तिथल्या लहान किल्ल्यांशीच थोपवण्यात आले, आणि त्यात गव्हर्नर रामोन दे कास्त्रोच्या सैन्याइतकाच स्थानिक नागरिकांच्या मिलिशियाचा वाटा होता. त्या मिलिशियात स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या तुकड्याही होत्या. दोन आठवडे धडपडून इंग्रज निघून गेले. सान क्रिस्तोबालच्या तटापर्यंत ते पोहोचलेच नाहीत.

पुढची शंभर वर्षे शांततेची गेली. शहर तटात मावेनासे झाले आणि १८९७ मध्ये पूर्वेचा तट आणि दरवाजा पाडण्यात आला. रहदारी सुकर व्हावी म्हणून सान क्रिस्तोबालचाही बराच भाग त्याच वेळी गेला. किल्ल्यातून खाली कोलोन चौकात उतरले की जिथे तट होता तिथे आज मोटारींची गर्दी आहे. कोलंबसचा पुतळा तो दुसऱ्या सफरीत पोर्तो रिकोला पोहोचला त्याच्या चारशे वर्षांनिमित्त १८९३ मध्ये उभारला, म्हणजे तट पाडण्याच्या चार वर्षे आधी.

तट पाडल्याला वर्ष झाले आणि स्पेन व अमेरिका यांच्यातले युद्ध आले. १० मे १८९८ रोजी सान क्रिस्तोबालवरून कप्तान आंखेल रिव्हेरो याच्या तोफखान्याने अमेरिकन जहाजावर गोळा टाकला आणि १२ मे रोजी ॲडमिरल सॅम्पसनच्या आरमाराने शहरावर सुमारे तीन तास तोफा डागल्या. दगड आणि मातीच्या भरावाने गोळे जिरवण्याची कला या तोफांपुढे जुनी झाली होती, तरीही शहर पडले नाही. अमेरिकन सैन्य उतरले ते २५ जुलैला, पोर्तो रिकोच्या मुख्य बेटाच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्वानिकामध्ये. अडीचशेहून अधिक वर्षे ज्या तीन वाटा बुजवण्यात गेली, त्यांपैकी एकाही वाटेने ते आले नाहीत. त्याच वर्षीच्या पॅरिस तहाने पोर्तो रिको अमेरिकेकडे गेले, आणि किल्ल्यांवर लष्कराचा तळ १९६१ पर्यंत राहिला.

कोलोन चौकातून धक्का उतारावर दहा मिनिटांवर आहे. ज्यांच्या हाताशी तीन-चारच तास आहेत त्यांनी सान हुआन दरवाजा, काये नोर्सागाराय आणि सान क्रिस्तोबाल एवढे पाहावे आणि एल मोरो मैदानावरूनच पाहून पुढे जावे, असे मी सुचवीन, जरी बहुतेक मार्गदर्शिका याच्या नेमके उलट सांगतात. पूर्ण दिवस असेल तर कशातच काटछाट नको. फक्त सकाळी आधी तटाखालची वाट उरकावी, दुपारच्या टळटळीत उन्हाची वेळ चर्च आणि कॅथेड्रलसाठी ठेवावी, आणि पिण्याचे पाणी सोबत बाळगावे, कारण उत्तरेच्या तटाच्या कडेने सावली आणि दुकान दोन्ही मिळत नाहीत.